एआयएक्सवर ओरॅकल क्लायंट: पूर्ण टाकू की इन्स्टंट?

रामबागकर: नमस्कार मंडळी. सियागंजातल्या आमच्या पेढीचं बिलिंग एआयएक्स 7.2 (आयबीएमचं युनिक्स) वर चालतं, प्रोग्राम प्रो-सी (सी मध्ये एसक्यूएल) मधले, 64 बिट. डेटाबेस ओरॅकल 19सी, दुसऱ्या मशीनवर. क्लायंट, म्हणजे डेटाबेसशी जोडणारं सॉफ्टवेअर, पुन्हा नव्याने टाकायचाय. डिस्कवर दीड जीबी मोकळी, खर्चाला मंजुरी शून्य, हातात फक्त रविवार. पूर्ण क्लायंट टाकू की इन्स्टंट, म्हणजे नुसत्या गरजेच्या लायब्ररींचा छोटा?

जुना_प्रशासक: पूर्ण क्लायंट. टीएनएसपिंग (डेटाबेसच्या मशीनपर्यंत जोडणी पोचते का ते बघणारी कमांड) इन्स्टंटमध्ये येत नाही. जागा नसेल तर डिस्क घ्या, आम्ही तर अख्खा सर्व्हरच नवा घेतला, एकदम मस्त चालतोय.

रामबागकर: काका, खर्च शून्य आहे हो.

पलासिया_09: इन्स्टंट. झिप उघडायची, एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) द्यायचा, झालं. माझ्याकडे लिनक्सवर चार वर्षं असंच चालू आहे.

टर्मिनल_ताई: लिनक्सवर ठीक, इथे एआयएक्स आहे. एआयएक्स आधी लिबपाथ बघतं, त्याच कामाचं त्याचं स्वतःचं व्हेरिएबल. तो सेट असला की एलडी_लायब्ररी_पाथकडे ढुंकूनही बघत नाही. जुन्या क्लायंटचा लिबपाथ राहिला असेल तर नव्या लायब्ररी सापडणारच नाहीत. माझी एक रात्र यातच गेली.

पलासिया_09: म्हणजे तो सेट नसला तर माझंही चालतं. चूक काय सांगितलं मी?

टर्मिनल_ताई: चालतं. पण यांच्याकडे जुना क्लायंट होता, तेव्हा आधी तपासायलाच हवं.

जुनी_इंदूर: मी मोठ्या डिस्कचंच सांगेन. शिवाय टीएनएस_अ‍ॅडमिन (जोडणीच्या फाइलींचं फोल्डर सांगणारं व्हेरिएबल) नक्की द्या, नाहीतर टीएनएसनेम्स.ओरा (डेटाबेसचे पत्ते असलेली फाइल) सापडत नाही आणि ओआरए-12154 ही एरर येते. हाताने चालवलं की चालतं, रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) पडतं, कारण क्रॉन प्रोफाइल (लॉगिनच्या वेळी व्हेरिएबल देणारी फाइल) वाचत नाही. सगळे व्हेरिएबल स्क्रिप्टच्या वरच लिहा. आमच्याकडे तीन दिवस सगळे नेटवर्कवाल्याला बोल लावत होते, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मालवा_डेटा: एनएलएस_लँगबद्दल (क्लायंटची भाषा आणि अक्षरसंच ठरवणारं व्हेरिएबल) कुणीच बोललं नाही! तो दिला नाही तर युनिक्सवर क्लायंट यूएस7अ‍ॅस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचा संच) धरतो. आमच्या ग्राहकांची देवनागरी नावं प्रश्नचिन्हं होऊन टेबलात गेली. प्रश्नचिन्ह एकदा साठवलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. बॅकअप नव्हता, कागदी वह्यांवरून 600 नावं हाताने भरली. एनएलएस_लँग अमेरिकन_अमेरिका.एएल32यूटीएफ8 (म्हणजे यूटीएफ-8, यात देवनागरी बसते) ठेवा, टर्मिनलही यूटीएफ-8 हवं.

जुना_प्रशासक: टीएनएसपिंगशिवाय तपासणार कसं, सांगा.

टर्मिनल_ताई: डेटाबेसच्या मशीनच्या पोर्ट 1521 वर टेलनेट करा (पोर्ट उघडं आहे का ते कळतं), मग एसक्यूएल-प्लस या ओरॅकलच्या कमांडने लॉगिन. एरर 12541 आली तर तिथे लिसनर (जोडण्या स्वीकारणारा प्रोग्राम) नाही, 12514 आली तर लिसनर आहे पण सर्व्हिसचं नाव त्याला माहीत नाही. टीएनएसपिंग तर लॉगिनही करत नाही.

जुनी_इंदूर: टीएनएसनेम्स.ओरा मात्र एकाच ठिकाणी ठेवा.

रामबागकर: रविवारी झालं, सगळ्यांचे आभार. इन्स्टंटच टाकलं. जुना लिबपाथ खरंच प्रोफाइलमध्ये होता, ताई, तो बदलला. एनएलएस_लँग दिलं, क्रॉनच्या स्क्रिप्टमध्येही. टीएनएसनेम्स.ओरा मात्र ठेवलीच नाही. डेटाबेस एकच आहे, म्हणून होस्ट:1521/सर्व्हिस असं थेट कॉन्फिगमध्ये लिहिलं.

जुनी_इंदूर: ही चूक करताय. उद्या डेटाबेसचं मशीन बदललं की?

रामबागकर: कॉन्फिगमधली एक ओळ बदलेन, दादा. फाइल ठेवली असती तरी तिच्यातही एकच ओळ बदलायची होती.

मालवा_डेटा: आणि बॅकअप?

रामबागकर: शनिवारी रात्रीच घेऊन ठेवला होता.