विषय: सुट्टीत तुमच्या घरी काय चाललंय?

प्रेषक: ब्रॅम्प्टनहून (कॅनडा), दोन मुलींची आई
१४ डिसेंबर, रात्री

नमस्कार मंडळी,

आपल्या इथल्या मराठी मंडळींच्या या यादीवर, हॉल, तिकिटं आणि जेवणाच्या पैशांच्या मेलींमध्ये हा एक वेगळा मेल पाठवतेय, सांभाळून घ्या.

परवा आमची थोरली शाळेतून तोंड पाडून आली. चौथीत आहे. बाईंनी वर्गात प्रत्येकाला विचारलं होतं, सुट्टीत तुमच्या घरी काय करतात? कोणी झाड तोडून आणायला शेतावर जातं, कोणाची आजी जिंजरब्रेडचं घर करते, कोणी फ्लोरिडाला निघालंय. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, "आम्ही नुसते घरीच असतो." दिवाळीचं विचारलं असतं तर अर्धा तास बोलली असती. पण दिवाळी होऊन गेली, संक्रांतीला अजून महिना आहे, आणि मधल्या या दोन आठवड्यांना आमच्याकडे नावच नाही.

मला रात्रभर ते डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरात या दिवसांत कितीतरी होतं. पावणेपाचला बाहेर काळोख होतो. मग आम्ही आकाशकंदील लावतो. दिवाळीनंतर तो उतरवलेलाच नाही, समोरच्यांनी छपराला माळा लावल्या तेव्हा धाकटी म्हणाली, "त्यांचा पण आहे, आपला पण राहू दे." सकाळी साडेआठला पुण्याला व्हिडिओ कॉल असतो, तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात. आई देवापाशी दिवा लावते, आणि आमच्या दोघी पांघरुणात बसून तिच्याबरोबर शुभंकरोति म्हणतात. त्यांच्या पायांवर अजून झोपेची ऊब असते. शाळेच्या दिवसांत हे जमत नाही, सुट्टीतच जमतं.

धाकटीने सांताला पत्र टाकलंय. ज्यांची मुलं लहान आहेत आणि जे या देशात नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते: पाकिटावर सांता, उत्तर ध्रुव आणि पिनकोड एच०एच ०एच० एवढंच लिहायचं. तो कोड म्हणजे सांताचं "हो हो हो"च. इथून टाकलं तर तिकीट लावावं लागत नाही, उत्तर मात्र येतं. आमच्याकडे गेल्या वर्षीचं फ्रिजवर अजून चिकटवलेलं आहे. पत्रात तिने काही मागितलं नाही, आमच्या घरी कोण कोण आहे ते लिहिलंय. आजी-आजोबा पुण्यात असूनही यादीत आहेत.

तर विनंती अशी, या दिवसांत तुमच्या घरी काय होतं ते चार ओळी का होईना, लिहा. सणाचं नको, रोजचं लिहा. मी थोरलीला रोज एक मेल वाचून दाखवणार आहे.

* * *

प्रेषक: मार्खमहून
१५ डिसेंबर, दुपारी

ताई, तुमचा मेल सासूबाईंना वाचून दाखवला. त्या कोल्हापूरहून आल्यात, हा त्यांचा इथला पहिलाच हिवाळा. त्या सांगतायत, मी टाइप करतेय.

"तुझ्या लेकीला सांग बाळ, आम्ही काल डिंकाचे लाडू केले. आणलेला डिंक जरा ओलसर वाटला म्हणून दोन दिवस परातीत पसरून ठेवला. मग तुपात चिमूट चिमूट टाकून तळला. आच मंद पाहिजे. मोठ्या आचेवर वरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, मग दाताला चिकटतो. तो फुलताना तड तड असा बारीक आवाज येतो. नातू दहा वर्षांचा आहे, दिवसभर कानात ते यंत्र घालून बसतो. त्याने कानातलं काढलं, ओट्यापाशी आला आणि म्हणाला, आजी, अजून एक चिमूट टाक. पावशेर डिंक त्याने असा ऐकत ऐकत तळून घेतला. मग वाटीच्या बुडाने चुरला. खारकेची पूड, भाजलेलं खोबरं, खसखस, गूळ घातला. इथे थंडीने तूप लगेच थिजतं, लाडू गरम असतानाच वळावे लागतात. त्याचे हात लाल झाले, तरी सोडेना. त्याचा लाडू जरा लांबट झालाय. तो मी देवापुढे ठेवला."

आता माझं. तुळस ऑक्टोबरमध्येच आत घेतली होती. दक्षिणेच्या खिडकीत आहे, वरून एक दिवा लावलाय, कोमट पाणी घालते. तरी हीटरच्या कोरड्या हवेने पानं गळून नुसत्या काड्या उरल्या होत्या. सासूबाई रोज सकाळी उठल्या की आधी तिच्यापाशी जातात. आज त्यांनी मला हाताला धरून नेलं. खालच्या बेचक्यात दोन पानं आलीयत, मोहरीच्या दाण्याएवढी. बाहेर उणे अकरा होतं. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून चहा प्यायलो.

* * *

प्रेषक: स्कारबरोहून, काका
१६ डिसेंबर, पहाटे

ताई, तुमच्या थोरलीला हे पत्र सावकाश वाचून दाखवा. आमच्या घरात सगळ्यांची सगळ्यात आवडती सुट्टी कुठली असं विचारलंत तर चौघंही एकच सांगतील: २०१३ सालची. त्या सुट्टीत आम्ही नुसते घरीच होतो.

२१ डिसेंबरच्या रात्री गोठणारा पाऊस पडत होता. हिम वेगळं, हे वेगळं. पाऊसच, पण ज्यावर पडेल त्यावर काच होऊन बसणारा. २२ तारखेला, रविवारी, पहाटे फटाके फुटल्यासारखे आवाज यायला लागले. बाहेर पाहिलं तर बर्फाच्या वजनाने झाडांच्या फांद्या मोडत होत्या. प्रत्येक काडीला, प्रत्येक तारेला काचेचं वेष्टण. इतकं सुंदर मी दुसरं काही पाहिलेलं नाही. आणि दिवे गेले. टोरांटो शहरात सुमारे ३ लाख ग्राहकांची वीज गेली होती, कित्येकांकडे नाताळ उलटून गेल्यावर आली.

आमच्याकडे तीन दिवस नव्हती. घर तापवणारी भट्टी गॅसची असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे घर गार. मुलगा पंधराचा, मुलगी अकराची. पहिले दोन तास दोघंही फोनची बॅटरी किती उरली तेच बघत होती. मग तीही संपली.

आमच्या हिने काडीपेटी शोधून गॅस पेटवला. (इथे थांबून एक सांगतो, वाचणारे नवीन लोक असतील: शेगडी फक्त स्वयंपाकापुरती. खोली तापवायला लावू नका, आणि कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात मुळीच नको. त्या वर्षी त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणसं दगावली.) डाव्या हाताच्या शेजाऱ्यांकडे विजेची चूल. ते श्रीलंकेतले तमिळ. संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं. नवरा-बायको, एक लहान मुलगा आणि आजी. आजींच्या हातात नारळ होता.

आमच्या हिला तमिळ येत नाही, आजींना मराठी येत नव्हतं, दोघींचं इंग्रजी बेताचंच. पण ओट्यापाशी दोघी उभ्या राहिल्या त्या अशा, की आम्हाला कोणाला मध्ये जाता येईना. ही ज्वारीचं पीठ मळत होती. आजींनी नारळ फोडला, खवला, आणि न विचारता मूठभर खोबरं पिठात टाकलं. हिने माझ्याकडे पाहिलं. त्या पिठाची भाकरी थापायला अवघड, कडा फुटत होत्या. आजी ओल्या बोटाने त्या फटी जुळवत गेल्या, एक एक, मेणबत्तीच्या उजेडात. तव्यावर खोबरं भाजल्याचा वास उठला. पिठलं, ती भाकरी आणि आजींनी केलेलं लाल मिरचीचं सांबल. आठ माणसं जमिनीवर पंगत करून जेवलो.

माझे वडील सातारचे. त्यांची घोंगडी मी इथे येताना आणली होती, वीस वर्षं ती कपाटात होती. त्या रात्री बाहेर काढली. मुलगा आणि मुलगी दोघं तिच्यात शिरली. टोचते, टोचते म्हणत होती आणि सोडत नव्हती. फ्रिजरमधलं सामान बाहेर डेकवर बर्फात पुरून ठेवलं. तीन दिवस आम्ही बदाम सात, गुलामचोर आणि मेंढीकोट खेळलो. शेजारचा मुलगा सहा वर्षांचा होता, तो "बदाम" हा शब्द शिकला. आता तो मोठा झाला, पण मला भेटला की अजून "बदाम अंकल" म्हणतो. मी वडिलांच्या विहिरीची गोष्ट सांगितली, मोटेची, बैलांच्या नावांसकट. मुलं ती माझ्याकडून पहिल्यांदा ऐकत होती. इतकी वर्षं मी सांगितली का नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

२४ च्या रात्री दिवे आले, भट्टीचा पंखा घरघरला, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, बंद करा ना."

तेव्हापासून दर २२ डिसेंबरला संध्याकाळी आम्ही दिवे मालवतो. पिठलं, आणि खोबऱ्याची भाकरी. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या, त्यांची सून आता नारळ घेऊन येते. मुलगा कॅलगरीत नोकरीला आहे. विमानाचं तिकीट काढायच्या आधी तो फोन करून विचारतो, "२२ ला आहात ना?" नाताळला सुट्टी मिळाली नाही तरी चालते त्याला.

यंदाही आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी कळवा. मेणबत्त्या भरपूर आहेत.

* * *

प्रेषक: वॉटर्लूहून, विद्यार्थी
१६ डिसेंबर, रात्री

नमस्कार. मी सप्टेंबरमध्ये आलो, मूळचा नांदेडचा. यादीवर पहिल्यांदाच लिहितोय.

परीक्षा संपली. घरातले बाकीचे तिघं गेले, जानेवारीत येतील. मी रोज रात्री नऊला घरी फोन लावतो. तिकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, आई चहा करत असते. ती फोन ओट्यावर टेकवून ठेवते. ती फारसं बोलत नाही, कामं करत असते. मी इथे माझा भात लावतो. कुकरच्या शिट्ट्या ती मोजते आणि म्हणते, आता बंद कर.

काकांचा मेल मी दोनदा वाचला.

* * *

प्रेषक: मिसिसागाहून, मूळची वसईची
१७ डिसेंबर, सकाळी

नांदेडच्या मुला, आधी तुझ्याशी बोलते. वॉटर्लूहून 'गो' कंपनीची बस इथे स्क्वेअर वन मॉलला येते. २१ ला दुपारी ये, मी न्यायला उभी असेन. नाताळ करूनच परत जा. आमच्याकडे माळ्यावर खाट आहे आणि माझ्या मुलांना कोणीतरी दादा हवाच असतो. जाड मोजे आण, फरशी गार असते. नंबर वेगळ्या मेलने पाठवते.

ताई, आमच्या घरात तर हे दिवस म्हणजे नाताळच. पण मला लिहायचंय ते आधीच्या तीन आठवड्यांबद्दल.

वसईला लहानपणी आम्ही डिसेंबर लागला की परडीत माती घालून धान्य पेरायचो. गोठ्यासाठी. बाळ येशू, मारिया, योसेफ, मेंढरं, सगळी त्या हिरव्या अंकुरांत उभी करायची. इथे मी बेकिंगच्या ट्रेमध्ये गहू पेरते. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते, रोज हाताने पाणी शिंपडते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या जळगावच्या वहिनी पोळ्यांचं लाटणं मागायला आल्या आणि ट्रे बघून दारातच थांबल्या. "अगं, हे तर आमच्या नवरात्रातले घट!" तेव्हापासून त्या नवरात्रात घट बसवताना उरलेली माती माझ्यासाठी बाजूला ठेवतात. यंदाचे गहू त्याच मातीत आहेत. आज वीतभर झालेत, सकाळी टोकांवर पाण्याचे थेंब होते.

आणि कुलकुल. मैदा, रवा, नारळाचं दूध, थोडं लोणी. बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पुढे न्यायची, की तिची आपोआप वळकटी होते, वर काट्याच्या रेघा. माझी आई यासाठी नवी कोरी फणी वापरायची. फणीच्या रेघा जास्त बारीक येतात, म्हणून मीही वसईहून एक फणी आणून ठेवलीय, ती वर्षातून एकदाच निघते. चार तास लागतात. टेबलाभोवती आम्ही पाच जण बसतो. बोलून बोलून विषय संपतात, मग कोणीतरी नाताळगीत धरतं, मराठीतलं. मधला मुलगा तेरा वर्षांचा आहे, एरवी एक शब्द बोलत नाही. गेल्या रविवारी तो कुलकुल वळता वळता स्वतःहून सांगायला लागला, शाळेत त्याचं काय बिनसलं ते. हात कामात होते, नजर खाली होती, म्हणून सांगू शकला असेल. मी मान वर केली नाही. पुढची गोळी त्याच्यासमोर ठेवत राहिले. चाळीस-पन्नास कुलकुल होईपर्यंत त्याचं सांगून झालं.

दहा डबे भरलेत. एक तुमच्या थोरलीचा.

* * *

प्रेषक: स्कारबरोहून, काका
१७ डिसेंबर, दुपारी

नांदेडच्या पोराला २२ ला इकडे घेऊन या. त्याला म्हणावं, इथल्या शिट्ट्या आमची ही मोजेल. त्याच्या आईचा फोन रात्री नऊला आमच्याच ओट्यावर टेकवू.

* * *

प्रेषक: ब्रॅम्प्टनहून
२० डिसेंबर, रात्री

मंडळी, काय लिहू. रोज एक वाचायचा ठरला होता, पण काकांचा मेल तीन रात्री सलग वाचावा लागला. धाकटीला बैलांची नावं हवी आहेत. काका, तयारीत राहा.

थोरलीने काल वहीत एक पान मराठीत लिहिलं, न सांगता. वर मथळा: "आम्ही घरी असतो." "नुसते" लिहून खोडलंय. खाली आमचा आकाशकंदील, आजीबरोबरचं शुभंकरोति, आणि बाबा दुपारी सोफ्यावर झोपतात तेव्हा त्यांच्या पोटावर पुस्तक ठेवून वाचायला मिळतं, ते वर-खाली होतं, हेही. हे मला माहीतच नव्हतं. मी त्या वेळी कामावर असते.

मार्खमच्या आजी, तिने आज दुकानात स्वतः डिंकाचं पाकीट शोधून काढलं. पिशवीवर गोंद लिहिलेलं होतं, तरी ओळखलं. ते परातीत पसरलंय.

२२ ला आम्ही चौघं येतोय. वसईच्या ताई, दादाला तुमच्याकडून आम्ही उचलू, वाटेवरच आहे. काका, मुली आमचा पत्त्यांचा जोड घेऊन येणार म्हणतायत, पण त्यात चौकट नव्वी नाही. तुमचाच काढून ठेवा.