सेंट्रल लॉकिंग: दारं लागून लगेच उघडतात, मागच्या दाराचा नॉब अर्ध्यावरच

प्रश्न
गाडी जुनी, सेंट्रल लॉकिंग नंतर बाहेरून बसवलेलं. ड्रायव्हरचं दार लॉक केलं की कधीकधी सगळी दारं लागून लगेच उघडतात. मागच्या डाव्या दारात मोटरचा आवाज येतो, पण नॉब अर्धाच खाली जातो. फ्यूज शाबूत आहे. चारही मोटरी बदलाव्या का?

प्रतिसाद १
अजिबात नको. हे दोन वेगळे बिघाड दिसतात.

ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरला बहुतेक पाच वायरी असतात: दोन मोटरच्या, तीन आतल्या स्विचच्या. त्या स्विचवरूनच कंट्रोल युनिटला (सगळ्या दारांच्या मोटरी चालवणाऱ्या डबीला) लॉक की अनलॉक ते कळतं. यातली एखादी वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटत आली असेल तर युनिटला उलटा इशारा जातो. काच खाली ठेवा, किल्ली खिशात ठेवा, दार उघडंच असू द्या आणि नळी हलवत हलवत लॉक करून बघा. वागणं बदललं तर दोष तिथेच. नळी सरकवून एकेक वायर हलकेच ओढा. वरचं आवरण धड दिसतं, पण आतलं तांबं तुटलेलं असेल तर वायर रबरासारखी ताणली जाते.

जोडायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. जोड नळीत नको, कारण सोल्डर केलेली वायर वाकून वाकून पुन्हा तुटते. मधे लांब तुकडा घालून दोन्ही जोड दाराच्या आणि दार ज्याला बिजागरीने लागतं त्या खांबाच्या आत न्या.

प्रतिसाद २
मागच्या दारासाठी पॅनेल काढून आधी मोटरचा दांडा सोडवा आणि नॉब हाताने चालवा. जड लागला तर लॅचमधलं (दार अडकवणाऱ्या कुलपातलं) वाळलेलं ग्रीस धुऊन पांढरं लिथियम ग्रीस लावा. हलका असेल तर दांडा धरून ठेवणारा स्क्रूचा क्लॅम्प बघा, बाहेरून बसवलेल्या किटमध्ये तो हमखास सरकतो. नॉब आणि मोटर दोन्ही आपापल्या चालीच्या मध्यावर ठेवून स्क्रू आवळा.

प्रश्नकर्ता
क्लॅम्प घट्ट निघाला तर? मोटरला मल्टिमीटर लावू?

प्रतिसाद २
मोटरला मिळणारी वीज सेकंदभरही टिकत नाही, डिजिटल मीटर स्थिरावायच्या आत जाते. मोटर काढून तिच्या जागी १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावा आणि लॉक करून बघा. एका धाग्यावर तगलेली वायर मीटरवर पूर्ण १२ दाखवते, बल्ब मात्र मिणमिणू शकतो. बल्ब लख्ख पेटला आणि मोटर नुसतीच गुरगुरत असेल तर आतला प्लास्टिकचा गिअर झिजलाय, तेवढी एकच दोन वायरींची मोटर बदला. वायरी उलट्या लागल्या तर ते दार बाकीच्यांच्या विरुद्ध चालेल, तेव्हा अदलाबदल करा.