मदत हवी आहे: ऑप्टिमस प्राइम १९८४ चा की नंतरचा?

मंडळी, जुन्या खेळण्यांतलं कुणाला कळत असेल तर जरा बघा.

गेल्या शनिवारी इथे न्यू जर्सीत एका गराज सेलमध्ये ऑप्टिमस प्राइम (ट्रकचा रोबो होणारं 'ट्रान्सफॉर्मर्स' खेळणं) सापडला. लाल ट्रक, ट्रेलर, रोलर नावाची सहाचाकी पिल्लू गाडी, सगळं बुटांच्या खोक्यात कोंबलेलं. ४० डॉलर. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "मुलाचा आहे, १९८४ पासून माळ्यावर पडून होता." मी घासाघीस न करता पैसे दिले. (घरात त्यावर अजून चर्चा चालू आहे.)

मग वाचायला बसलो. साचा मुळात जपानच्या टाकारा कंपनीचा, डायाक्लोन या खेळण्यांच्या मालिकेतला १९८३ चा 'बॅटल कॉन्व्हॉय'. पुढच्या वर्षी हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने तो ट्रान्सफॉर्मर्स म्हणून अमेरिकेत आणला. २००० च्या सुमारास टाकाराने जपानात तोच पुन्हा काढला. २००२ मध्ये अमेरिकेत 'टॉइज आर अस' या खेळण्यांच्या दुकानांसाठी वेगळी आवृत्ती आली आणि तिच्यात धुराचे दोन पाइप सुरक्षेच्या कारणाने आखूड केले.

माझे पाइप आखूड आहेत!

पण ट्रेलर मात्र चांगलाच जुना वाटतो. स्टिकरच्या कडा उचलून त्याखाली काळा मळ बसलाय, राखाडी प्लास्टिक पिवळट पडलंय. ट्रकचा लाल रंग त्यामानाने कोरा करकरीत. १९८५ पासून जो रब-साइन यायचा (बोटाने घासला की चेहरा उमटणारा स्टिकर), तो कुठेच नाही. रोबोची एक मूठही गायब आहे.

पाइप कुणी कापले असतील का? की दोन वेगळ्या खेळण्यांची मोट बांधली आहे?

पेचकस: रब-साइन नाही यावरून काहीच ठरत नाही. १९८४ च्या मालावर तो नव्हताच. पाइपांची टोकं भिंगाखाली बघा. करवतीने किंवा ब्लेडने कापलेलं असेल तर कड खरखरीत लागते, प्लास्टिकचा रंगही आत जरा वेगळा दिसतो. साच्यातून तसाच आला असेल तर टोक गुळगुळीत.

जुनाबाजार: आजींना खोटं पाडू नका हो. मुलाने पुढे हौसेने दुसरा घेतला असेल आणि दोन्ही एकाच खोक्यात गेले असतील. ट्रक आणि ट्रेलर कुठल्याही आवृत्तीचे एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे असं गुंतलेलं खूप दिसतं.

धागाकर्ता: भिंग नव्हतं, आईच्या जाड चष्म्याने बघितलं. दोन्ही टोकं गुळगुळीत, दोन्हींची उंची तंतोतंत सारखी. नखाने ओरखडलं तरी कड लागत नाही. म्हणजे ट्रक २००२ चा, आणि ट्रेलर बहुधा खरोखर आजींच्या मुलाचा.

पेचकस: मग ट्रेलर जपा. स्टिकर पाण्याने पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशनेच धूळ काढा. आणि आजींना फोन करून विचारा, जुना ट्रक अजून माळ्यावर असेल.

धागाकर्ता: केला. रविवारी बोलावलंय. तोवर कुणाकडे सुटी डावी मूठ असेल तर कळवा.