विनोदी संगीत नाटकांच्या कॅसेटी पुन्हा पुन्हा ऐकताना हसू येतं का? आपापले अनुभव लिहा

गावभाग_सांगली
परवा माळा आवरताना आबांच्या कॅसेटींचं खोकं सापडलं. चाळीसेक असतील, पाठीवर त्यांच्या बारीक अक्षरात नाटकाचं नाव आणि तारीख. टेप अजून चालतो, फक्त बेल्ट सैल झालाय म्हणून आवाज मधेच जड होतो. संशयकल्लोळ लावली. लहानपणी ही कॅसेट दर रविवारी दुपारी जेवणं झाली की लागायची, त्यामुळं पाठ आहे अक्षरशः. फाल्गुनरावाला त्या तसबिरीवरून संशय येतो ती जागा आली आणि मला हसू आलं नाही, पण ओठ आपोआप हलायला लागले, पुढचं वाक्य माझ्या तोंडात आधी आणि कॅसेटमधे नंतर. आणि मला फार छान वाटत होतं. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय की विनोद एकदा कळला की संपला असं म्हणतात, मग आबा वीस वीस वर्षं तीच कॅसेट का ऐकत होते? ते तर प्रत्येक वेळी हसायचे, खोटं नाही.

तर लिहा. नाटक विनोदी हवं, त्यात गाणी हवीत आणि तुम्ही ते कानानं पुष्कळदा ऐकलेलं हवं. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी, मोबाईल काहीही. परदेशी असलं तरी चालेल. आवडेनासं झालं असेल तर तेही लिहा.

मिरजेचा_तंबोरा
संशयकल्लोळ काढलंतच तर आधी मी लिहितो. आमच्या घरी याच्या जुन्या तबकड्या होत्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्यात नाटक कुठं बसणार, फक्त पदं. कर हा करीं, हृदयी धरा, मृगनयना, हे सगळं मी आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत शंभरेक वेळा ऐकलं असेल आणि हे एका फार्समधलं आहे याचा मला पत्ताच नव्हता, मला वाटायचं कुठलंतरी गंभीर प्रेमाचं नाटक आहे. कारण नाटककार देवलांनी हसवायचं काम सगळं गद्यावर टाकलंय. फाल्गुनराव, कृत्तिका, भादव्या ही मंडळी बोलून हसवतात, गातात ते अश्विनशेठ आणि रेवती. (पात्रांची नावं महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून आहेत हे मला आईनं सांगितलं तेव्हा केवढा आनंद झाला होता.) देवलांनी आधी १८९३ मधे हेच नाटक फाल्गुनराव नावानं गद्य लिहिलं होतं, ऑल इन द राँग या इंग्रजी नाटकावरून, आणि तेही मुळात मोलिएरवरून आलेलं. पदं घालून संशयकल्लोळ आलं १९१६ ला. म्हणजे विनोद आधीपासून पायावर उभा होता, गाणी नंतर चढली.

माझा अनुभव म्हणाल तर पदं आजही रोज ऐकू शकतो. गद्याची पूर्ण कॅसेट वर्षातून एकदा, दिवाळीत. रोज ऐकली तर ती चव जाईल याची मला भीती वाटते.

कवठेमहांकाळ७
आमच्याकडं तमाशातल्या काळू-बाळूंची टेप हाय. विकतची न्हाई, मामानं जत्रंत कनातीपाशी बसून टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेली, जहरी प्याला ह्या वगाची. कवलापूरचे हे दोघं, लहू आन अंकुश खाडे, जुळे भाऊ, दिसायला इतके सारखे की स्टेजवर कोण काळू आन कोण बाळू कळायचं न्हाई आन निम्मा हशा तिथंच. वगात दोघं हवालदार. आता टेपवर काय दिसणार? तरी गंमत बघा, आवाजबी सारखाच, त्यामुळं ऐकताना कोण बोलतोय ते ओळखायचा आम्हा भावंडांचा खेळ व्हायचा. मोठ्या आवाजात पैज लागायची. मामाला इचारलं तर तो खरं सांगायचा न्हाई. दहाव्यांदा काय, पन्नासाव्यांदाबी आम्ही ऐकायचो ते त्यासाठी. दुसरं म्हंजी त्या टेपात मामाच्या शेजारी बसलेल्या कुण्या म्हाताऱ्याचं हसणं आलंय, आदी खोकल्यागत सुरू व्हतं आन मग सुटतं. इनोदापेक्षा त्या हसण्याची वाट बघायचो. ते कोण व्हतं आम्हाला ठाऊक न्हाई. मामा गेला, टेप माझ्याकडं हाय.

गावभाग_सांगली
@कवठेमहांकाळ७ ही टेप कृपा करून कॉम्प्युटरवर घेऊन ठेवा. वगांच्या आणि फडांच्या अशा घरगुती टेपाच उरल्यात कितीतरी. मदत लागली तर मी आहे.

खंबाटकीपलीकडचा
सातारचा, नोकरी पुण्यात, सोमवारी पहाटे पाचला निघतो आणि शुक्रवारी रात्री परत. गाडीत ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कमधली संगीत नाटकं ऐकतो, हा नाद एका प्रोजेक्टवर अमेरिकेत होतो तेव्हा लागला. तिकडं नाटकातल्या मूळ नटांकडूनच सगळी गाणी स्टुडिओत रेकॉर्ड करून एकत्र विकतात, ही पद्धत १९४३ च्या ओक्लाहोमापासून चांगली रुळली. विनोदी म्हणाल तर द प्रोड्युसर्स, २००१ चं, बारा टोनी पुरस्कार मिळालेलं. दोन निर्माते मुद्दाम पडेल असं नाटक काढतात म्हणजे लोकांनी गुंतवलेला पैसा खिशात टाकता येईल आणि ते नाटक तुफान चालतं. त्यात एका हिशोबनीसांच्या ऑफिसातलं गाणं आहे, रांगेनं बसलेले सगळे कोरसमधे आपलं दुःख गातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. आता सोमवारी खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना ते लागलं तर हसत नाही पण कोणीतरी आपलं बोलतंय असं वाटतं आणि ते जास्त जवळचं आहे.

एक मात्र पक्कं कळलंय. त्या अल्बममधे गाण्यांच्या मधे जे सुटे विनोदी संवाद येतात ते तिसऱ्या वेळेपासून मी पुढं ढकलतो. यमकात बसलेला विनोद ढकलत नाही. मिरजेच्या तंबोऱ्यानं लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलट आहे तिकडं, हसवायचं काम गाण्यावरच टाकलेलं.

आणि काही गाणी तर पहिल्यांदा ऐकून कळतच नाहीत. गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्रज जोडीच्या पायरेट्स ऑफ पेन्झान्समधे, १८७९ चं नाटक, एक मेजर जनरल येतो आणि आपल्याला काय काय येतं ते इतक्या भरभर गातो की पहिल्या वेळी नुसता सूर आणि वेग कानावर पडतो. सहाव्या-सातव्या वेळी मला शेवटचं कडवं कळलं, की याला गणित येतं, इतिहास येतो, सगळं येतं, फक्त सैन्याचं काही येत नाही, तिथलं त्याचं ज्ञान शतकाच्या सुरुवातीलाच थांबलंय. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर एकटाच मोठ्यानं हसलो होतो. म्हणजे तिथं विनोद संपायचा प्रश्नच नाही, तो पोचायलाच दहा वेळा लागतात.

विट्याची_लेक
वेगळं मत मांडते, राग मानू नका. वडील ट्रकवर होते, गाडीत गाढवाचं लग्न या वगाची कॅसेट कायम. सुट्टीत आम्हाला बेंगलोरपर्यंत नेलं होतं एकदा, जाता-येता सावळ्या कुंभार आणि गंगी, सावळ्या कुंभार आणि गंगी. मला नंतर ते नकोसं झालं ते झालंच. वग बघायला मिळाला तेव्हा मात्र पोट धरून हसले. सोंगाड्या रोज नवीन काहीतरी बोलणार, समोर कोण बसलंय ते बघून बोलणार, गावातल्या सरपंचाचं नाव घेणार, हा त्याचा जीव आहे. विच्छा माझी पुरी करा या वगाचे १५०० च्या वर प्रयोग झाले म्हणतात ते दादा कोंडके एकसारखे दोन प्रयोग करत नसत म्हणून. कॅसेटीत तो हजरजबाबीपणा एकदाच कोंडला जातो. पदं, गण, गवळण खुशाल रेकॉर्ड करा, बतावणी, म्हणजे सोंगाड्याची विनोदी बोलाचाली, नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

वडिलांना मी विचारलं होतं, कंटाळा नाही येत का? म्हणाले, रात्री अडीचला डोळा लागायला लागला की ह्यांचं बोलणं लागतं बाळा, नवीन काही लावलं तर ऐकण्यात ध्यान जातं, हे पाठ आहे म्हणून सोबत करतं.

पडद्यामागे
सांगलीत हौशी नाटकात गेली सव्वीस वर्षं प्रॉम्प्टिंग करतोय. ज्या गावात १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं त्या गावात पडद्यामागं बसतोय याचा मला अभिमान आहे, आणि दर ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात जातोच जातो. या विषयावर माझं एक निरीक्षण आहे आणि ते मी बऱ्याच जणांना सांगत असतो.

हशाची जागा नावाची गोष्ट असते. वाक्य संपलं की नट थांबतो. किती थांबायचं हे संहितेत नसतं. हशा चढतो, माथ्यावर जातो, उतरायला लागतो, आणि पूर्ण विझायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. विझू दिला तर प्रयोग गार पडतो, आधी टाकलं तर वाक्य हशात बुडतं. आता स्टुडिओत भरलेल्या कॅसेटी ऐका, तिथं प्रेक्षक नाही, नट अंदाजानं थांबतो किंवा थांबतच नाही, वाक्यावर वाक्य. असल्या कॅसेटी माझ्याच्यानं दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. प्रत्यक्ष प्रयोगात भरलेली असली तर मात्र मी त्या थांबण्यासाठी ऐकतो. विनोद मला माहीत आहे, हशा येणार हेही माहीत आहे, पण तो नट तेवढा वेळ गप्प कसा बसला, श्वास कुठं घेतला, हे दर वेळी नव्यानं ऐकू येतं. तबल्यातली खाली, म्हणजे डग्गा गप्प असतो ती जागा, जशी ऐकतो तसं. आमच्या एका नटाला मी अशी टेप वीस वेळा ऐकवली होती, फक्त हशाच्या जागा मोजायला लावल्या, मनात एक दोन तीन म्हणत. पुढच्या प्रयोगाला पोरगं सुधारलं.

पसरणी_घाट
वाईकडची. शाहीर साबळे आमच्या पसरणीचे, जन्म १९२३, त्यामुळं घरात त्यांच्या मुक्तनाट्यांच्या रेकॉर्ड असणं साहजिकच. त्यातलं सगळं पाठ. त्यातल्या त्या काळच्या राजकारणावरच्या कोपरखळ्या माझ्या मुलाला कळत नाहीत, समजावून सांगावं लागतं आणि समजावलेल्या विनोदाला कोण हसतं. पण शाहिरांचा आवाज लागला की तोच मुलगा मान डोलावतो, तुणतुणं कुठं थांबतं ते बरोबर सांगतो. अर्थ गेला आणि ठेका राहिला. मला याचं थोडं वाईट वाटतं, कारण ती माणसं काहीतरी सांगत होती.

विश्रामबाग_जुनी
तीन पैशाचा तमाशा. १९७८, पुलंनी जर्मन नाटककार ब्रेख्तवरून केलेलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं, आम्ही विलिंग्डन कॉलेजात असताना त्याच्या गाण्यांनी वेडे झालो होतो. पुढं मूळ थ्रीपेनी ऑपेराची १९५४ सालच्या न्यूयॉर्कच्या प्रयोगाची रेकॉर्ड ऐकली, लोटे लेन्या आहे त्यात. दोन्हींच्या बाबतीत एकच झालं. पहिल्यांदा हसू आलं, नंतर नंतर ते हसू आतल्या आत कडू होत गेलं, चोर आणि पोलीस एकमेकांचे मित्र हे वीस वर्षांनी ऐकताना हसायला होत नाही. पण ऐकणं सुटलं नाही.

कानसेन_कोरेगाव
मला जन्मापासून दिसत नाही. तुम्ही सगळे लिहिताय की टेपवर हे दिसत नाही, ते दिसत नाही. माझ्यासाठी टेप म्हणजेच अख्खं नाटक. साताऱ्यात शाहू कला मंदिरला दादा मला घेऊन जातो, तिथं आजूबाजूचे अचानक हसतात आणि कुणी बोललेलं तर काही नसतं, मग दादा कानात सांगतो की त्यानं तोंड असं केलं. तोवर हशा संपलेला. टेपमधे असं फार कमी होतं. शिवाय मला पुष्कळदा ऐकल्यावर स्टेज कळायला लागतं. पहिल्या दोन वेळी गोष्ट, मग पावलं. कोण डावीकडून आलं, कोणाच्या पायात जोडा आहे, ऑर्गन कुठल्या बाजूला, नोकराचं पात्र मालकापासून किती लांब उभं राहून उलट बोलतंय. लांब उभं असलं तर जास्त हसू येतं. माझ्याकडच्या एका टेपवर मालक दोन पावलं पुढं येतो आणि नोकर चार पावलं मागं जातो, तिथं मी आजही हसतो, आणि त्या जागेला एक शब्दही नाही.

गावभाग_सांगली
@कानसेन_कोरेगाव, तुमचं वाचून मी आमची संशयकल्लोळ परत लावली आणि डोळे मिटून बसले. भादव्याची पावलं आहेत! इतकी वर्षं ऐकली नव्हती.

कृष्णाकाठ_२०१९
मी लिहू का नको विचार करत होतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचं तळमजल्याचं घर आठ दिवस पाण्यात होतं. आण्णांच्या कॅसेटी खालच्या कपाटात. पाणी उतरल्यावर गाळातून काढल्या, सगळे म्हणाले टाक. आण्णा काही बोलले नाहीत, नुसते ते खोकं मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसले.

मग मी बसलो. कॅसेटीला पाच स्क्रू असतात, ते काढायचे, पट्टीची दोन्ही चाकं उचलून बाहेर घ्यायची, स्वच्छ पाण्यात धरायची, गाळ सुटेपर्यंत, चोळायचं नाही. मग सावलीत वाळवायची, उन्हात नाही. वाळली की कोऱ्या कॅसेटीच्या सांगाड्यात बसवायची, तो छोटा स्पंजचा तुकडा पट्टीच्या मागं नीट आला पाहिजे. एकेका कॅसेटीला दोन दिवस. तेहतीसपैकी अकरा वाजल्या. त्यातली एक विनोदी नाटकाची, आण्णांनी स्वतः प्रयोगात बसून भरलेली, आण्णा तेव्हा पेटी वाजवायचे आणि टेप पेटीशेजारीच ठेवलेला.

ती लावली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा. संवाद निम्मे गेलेत, विनोद कळतच नाहीत, नुसता अधूनमधून हशा येतो, तो पण लाटेसारखा वर खाली होत. आणि पेटी मात्र स्वच्छ, टेपच्या अगदी जवळ होती म्हणून. आण्णांनी ती तेव्हा सलग तीन वेळा ऐकली. जिथं संवाद गेलेत तिथं ते स्वतः म्हणायचे, सगळ्या पात्रांचे, बायकांचेसुद्धा, आणि हशा आला की थांबायचे. आई आतून पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहून हसायला लागली. पुरानंतर घरात पहिल्यांदा कोणी हसलं ते तेव्हा.

आता आण्णांना पूर्वीसारखं आठवत नाही. गेल्या महिन्यात मी ती लावली तर संवादाच्या जागा मी म्हटल्या. ते ऐकत होते. एका ठिकाणी मला म्हणाले, घाई करू नकोस, अजून हसतायत लोक.