मदत हवी आहे: मुलीला एक नियम, मुलाला दुसरा

मंडळी, आम्ही दापोलीजवळ मुरुडला एकत्र कुटुंबात राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारचा. सासूबाईंचा दोघांवर जीव आहे, त्यात शंकाच नाही. पण जेवणं झाली की ताटं हिने उचलायची, तो झोपाळ्यावर. तो पडून रडला की "बायकांसारखा रडतोस काय?" ही समुद्रावर धावली की "काळी होशील, कोण करील तुला?" सहा वर्षांच्या पोरीला! (आणि गाव कोणाचं, तर १९१६ साली महिला विद्यापीठ काढणाऱ्या कर्व्यांचं. असो.)

परवा मुलगा आपणहून माझ्याशेजारी बसून कोकमाची सोलं रसात बुडवून उन्हात पसरत होता. कोपरापर्यंत लाल, भलताच खूश. सासऱ्यांनी "ही बायकांची कामं" म्हणून उठवलं. आता तोच ताईला फर्मावतो, "माझं ताट तू उचल." हे मला सगळ्यात जास्त टोचतंय. नवरा म्हणतो, लहान आहेत, सोडून दे.

घरात भांडण नकोय. तुमच्यापैकी कोणी हे कसं हाताळलं? सासूबाईंशी मी बोलावं की नवऱ्याने? आणि मुलांच्या देखत लगेच टोकावं की नंतर?