वसुलीवाल्यांचा त्रास: काय अनुभव आले, काय उपयोगी पडलं?

मामेबहिणीच्या ऑफिसात वसुलीवाल्याने फोन करून रिसेप्शनवरच्या मुलीला बहिणीचं थकलेलं कर्ज सांगितलं, बहीण दोन दिवस कामावर गेली नाही, म्हणून धागा काढतेय. कर्ज थकलं म्हणजे माणूस गुन्हेगार होत नाही हो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच बजावलंय, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, चारचौघात अपमान नाही, घरच्यांना-मित्रांना त्रास नाही. तुमचे अनुभव लिहा, बँकेची नावं नकोत.

शेवंती: मिस्टरांचं क्रेडिट कार्ड थकलेलं. रात्री साडेनऊला फोन, वर शिव्या. मी म्हटलं आधी तुमचं नाव, एजन्सी आणि बँकेचं अधिकारपत्र मेल करा मग बोलू, ते काही आलं नाही. कॉलच्या वेळांचे स्क्रीनशॉट लावून बँकेला लेखी तक्रार केली, ३० दिवसांत उत्तर नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी तिथे ऐकतात) ऑनलाइन टाकली. फी नाही, वकील लागत नाही. फोन बंद झाले. पैसे हप्त्याने फेडतोय, ते फेडायचेच आहेत.

रानवारा: पेट्रोल पंपावर दोघं आडवे आले, गाडीची चावी दे म्हणाले. दिली नाही, ११२ ला फोन लावला तसे सटकले. गुंड पाठवून गाड्या ओढायच्या नाहीत, कायद्यानेच वसुली करा, हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय.

माहेरवाशीण: आईच्या गटात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना अंधार पडेपर्यंत बसवून ठेवायचे. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना बिनतारण दिलेल्या छोट्या कर्जाच्या, वसुलीची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढीच आहे, हे त्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं, राग येतो अगदी. मी नियम मराठीत लिहून आईच्या हातात दिला, आता सहा वाजले की सगळ्या उठतात.

निशिगंध: लोन ॲपवाल्यांनी भावाचा फोटो घाणेरडा करून सगळ्या कॉन्टॅक्टना पाठवला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवलं, सायबर पोलिसांत तक्रार दिली. ॲपला कॉन्टॅक्ट लिस्ट बघायचाच अधिकार नाही, तो 'अलाऊ' दाबूच नका.

पारिजात: वडील गेले, त्यांच्या पर्सनल लोनसाठी मला फोन येतायत. मी जामीनदार नाही, सही नाही. भरावं लागेल का?

शेवंती: @पारिजात, वडिलांकडून जी मालमत्ता तुम्हाला आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी, तुमच्या पगारातून नाही. फोनवर काही कबूल करू नका, मृत्यूचा दाखला जोडून बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. आणि त्या कर्जाला विमा होता का तेही विचारा, बऱ्याचदा असतो.