दुपारी मोटर लावून बिल खरंच उतरतं का?

विश्रामबागकर: १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर) असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सूट सुरू झाली. तरी आमच्या सोसायटीत वॉशिंग मशीन रात्री नऊलाच फिरतं. टाकीची मोटर, घरघंटी, इस्त्री सगळं दुपारी उरकता येतं. फुकटची सूट का सोडायची?

मिरजेची सून: दादा, दुपारी घरात असतं कोण? आम्ही दोघं नोकरीवर. नळाला पाणी पहाटे येतं, मोटर तेव्हाच लावावी लागते. आणि एक एचपीची मोटर अर्धा तास चालली की ०.३७ युनिट. सूट झाली ३० पैसे, महिन्याला नऊ रुपये. त्यासाठी रजा टाकू का?

विश्रामबागकर: मोटर सोडा. ई-स्कूटरची तीन युनिटची बॅटरी दुपारी भरली तर दर वेळी २ रुपये ४० पैसे वाचतात.

मिरजेची सून: दुपारी स्कूटर ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते. ही सूट पेन्शनरांच्या सोयीची आहे. (आमच्या सासऱ्यांना मात्र पटलीय, इस्त्री ते दुपारी करतात!)

पलूसचा शेतकरी: वेळ बघून वीज वापरायची सवय आम्हाला जुनीच. लाईट रात्रीची असली की हातात टॉर्च घेऊन उसात दारं धरायला (सरीत पाणी सोडायला) जायचं. सूट कसली, दुसऱ्या वेळी पंपाला लागणारी थ्री फेज वीजच नसायची. तुम्हाला निवड आहे, तरी कुरकुर.

पाटणकर: नऊ रुपयांचा हिशोब बरोबर आहे, पण अपुरा. दुपारी सोलरची वीज मुबलक असते. सूर्य मावळला की घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू होतात आणि कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पावर भार येतो. १,९६० मेगावॅट क्षमता असली तरी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने मर्यादा घातलीय. संध्याकाळचं युनिट महाग पडतं ते यामुळे.

मिरजेची सून: मग बिल कमी होईल असं सांगू नका, ग्रिडला (वीजपुरवठ्याच्या जाळ्याला) मदत करा म्हणा. आणि केंद्राच्या २०२३ च्या नियमांत गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकालाही किमान १० टक्के जादा दर लिहिलाय. तो इथे लागू झाला तर संध्याकाळी सातचा स्वयंपाक मी दुपारी दोनला करू?

विश्रामबागकर: स्वयंपाक नको, पण रात्री नऊचं मशीन रविवारी दुपारी लावता येईल की नाही?

मिरजेची सून: रविवारी लावते. बाकीचे सहा दिवस तुम्ही येऊन कपडे वाळत घाला.